समुद्रात पडलेले चेंडू

शिबेनिकच्या धक्क्याला लागूनच होतं आमचं मैदान.
एक रिंग डोंगराकडे, एक पाण्याकडे,
आणि पाण्याकडच्या रिंगमागे जाळी नाही.
नेम चुकला की चेंडू थेट समुद्रात.
नियम एकच: जिने टाकला, तिनेच आणायचा.

ऑगस्टमध्ये आम्ही मुद्दाम चुकायचो.
तू मात्र जानेवारीतही यायचीस, विन्का,
बुरा वारा दोरीवरचे चिमटेसुद्धा पळवत असताना.
नवव्या वर्षी तू दोनदा उडी मारलीस,
दहाव्या वर्षी एकदा.
त्यानंतर हिवाळ्यात तुझे केस ओले झालेले
कुणी पाहिले नाहीत.

"पोरगी आहे की शिडी?" मासळीवाली विचारायची.
तुझे बाबा, श्पिरो,
अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून राखाडी होऊन परतायचे,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तुझी उंची खुणावायचे.
एक दिवस म्हणाले, संपली चौकट.

मग ते एक्क्याण्णवचं साल.
तळघरात छत इतकं खाली
की तू मान वाकडी करूनच चेंडू आपटायचीस.
पहिल्या रात्री सगळे ओरडले, बंद कर ते.
दुसऱ्या रात्री तू थांबलीस
तेव्हा जपमाळ घेतलेली म्हातारी पेरिना म्हणाली,
"आपट गं. तू थांबलीस की बाकीचं ऐकू येतं."

पूल उडवलेला, म्हणून झाग्रेबला सामन्याला
पाग बेटावरून, फेरीने, चौदा तास.
बसमध्ये शिळा पाव, एकाच थर्मासातला चहा,
तुझे पाय मधल्या वाटेत पसरलेले
आणि सगळ्या त्यांना ओलांडून जाणाऱ्या.
आपण हरलो. सपाटून हरलो.
पंचेचाळीसपैकी एकतीस गुण तुझे होते,
वर्तमानपत्रात, पुरुषांच्या सामन्याखाली, दोन ओळी,
आणि त्यातही तुझं आडनाव चुकलेलं.

सेगेदहून तू लिहिलंस:
इथे समुद्र नाही. चुकलेला चेंडू
भिंतीला लागून आपोआप परत येतो.
माझा नेम बिघडत चाललाय.
इटलीतून: तीन महिने पगार नाही,
पण खालच्या दुकानदाराला माझी कीव येते, टोमॅटो देतो.
मेर्सिनहून: समुद्र आहे, हॉलला खिडक्या नाहीत.
देशाची जर्सी मिळाली, अकरा नंबरची,
त्याचं पोस्टकार्ड नाही आलं. फोन आला.
तू बोलली नाहीस काही, नुसता श्वास,
आणि मागे टेलिफोनची नाणी पडण्याचा आवाज.

तेहतिसाव्या वर्षी परत आलीस, आमच्याच संघात.
आता मला सांगू दे.
तो पास मी दिला होता.
जरासा मागे पडला, वीतभर,
तू वळलीस, पाय वळला नाही.
गुडघ्याचा आवाज मी दहा पावलांवरून ऐकला,
वाळलेली अंजिराची फांदी मोडावी तसा.
सगळे म्हणाले, फरशी ओली होती.
मीही म्हणाले.
तू स्ट्रेचरवरून माझ्याकडे पाहिलंस
आणि डॉक्टरला म्हणालीस, हो, फरशी ओली होती.

आता तू फेरीच्या तिकीट खिडकीत बसतेस.
खिडकी बुटक्या माणसाच्या मापाची,
लोकांना तुझा चेहरा दिसत नाही,
फक्त हात दिसतात, मोड परत करणारे.

काल फेब्रुवारीतली संध्याकाळ.
मी भाजीची पिशवी घेऊन चाललेले.
मैदानावरून चेंडू घरंगळत पाण्यात.
खिडकीतून तुझा आवाज: "कोणी टाकला?"
एक काटकुळी पोरगी बूट काढू लागली.
"राहू दे," म्हणालीस,
होडीची आकडी घेऊन लंगडत आलीस,
चेंडू ओढून काढलास, एकदा झटकलास
आणि पोरीला न देता
माझ्याकडे फेकलास.

जरासा मागे.
वीतभर.

मुद्दाम की कसं, मी विचारलं नाही.
पिशवी सोडली, वळले, धरला.
बटाटे धक्काभर पांगले
आणि माझे हात कोपरापर्यंत खारट.